बोरटोल्याचा मागचा पडदा

ही गोष्ट फार फार वर्षांपूर्वीची. नेमकी किती, ते विचारू नका. बोरटोल्यात दहा म्हाताऱ्यांना विचारलंत तर बारा उत्तरं मिळतील. एवढं खरं, की तेव्हा झाडीपट्टीत विजेचा दिवा नव्हता, भोंगा नव्हता, बाजाची पेटीसुद्धा अजून कुणी पाहिली नव्हती. भाताची मळणी झाली, कोठ्या भरल्या, की गावोगाव दंडार उभी राहायची. दंडार म्हणजे झाडीतलं नाटक. मातीचा ओटा, एक ढोलकी, एक डफ, मागे उभे राहून झील धरणारे, म्हणजे गाण्याची ओळ उचलून साथ देणारे चार गडी, आणि उजाडेपर्यंत गाणं, नाच, सोंगं.

त्या दंडारीत बाईचं सोंग घ्यायचा डोमाजी. तसा तो साधा शेतमजूर, अंगाने काटकुळा, दिवसा कुणी दुसऱ्यांदा वळून बघणार नाही असा. पण असं म्हणतात, की लुगडं नेसून तो ओट्यावर आला आणि कपाळाशी हात धरून त्याने आभाळाकडे पाहिलं, की ऐन माघात माणसं माना वर करून ढग शोधायची. त्याने उसासा टाकला की पुढच्या रांगेतले मिशावाले गडी उपरण्याने डोळे पुसायचे, आणि धूळ गेली म्हणायचे.

पाच गावचे पुरुष घरी जाऊन बायकोला सांगायचे, "जरा डोमाजीवानी चालून दाखव ना वो." बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. ती चाल कुठून आली ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

ती चाल सगुणाबाईची होती. सगुणा ही डोमाजीची थोरली बहीण, तो तिला बाई म्हणायचा. पटकीच्या साथीत आईबाप एका आठवड्यात गेले, त्याच वर्षी तिचा नवराही गेला, आणि सोळा वर्षांची ही पोर पांढऱ्या कपाळाने माहेरी आली ती चार वर्षांच्या भावाला वाढवायला. ती रोवणीला जायची, चिखलात भाताची रोपं लावायची, आणि हा तिचं लुगडं धरून मागे मागे. तिचं वाकणं, तिचं पाठ सरळ करताना कमरेवर हात ठेवणं, तिचं रागावणं, सगळं त्याने डोळ्यांनी पिऊन घेतलं. रोवणीची गाणीही तिचीच. त्यातलं एक त्याने दंडारीत आणलं आणि शेवटचं गाणं म्हणून ठेवलं. सासरी नांदणारी बाई बांधावरच्या बगळ्याला सांगते:

बांधावरच्या बगळ्या दादा, जाय माह्या माहेरा,
सांग माह्या भाऊरायाले, चिखल लागला पदरा.

बायकांचं गाणं ओट्यावर गेलं, ओट्यावर ढोलकीने त्याला ठेका दिला, आणि तो ठेका घेऊन ते पुन्हा भाताच्या बांध्यांमध्ये उतरलं. पुढच्या पावसाळ्यात नदीपल्याडच्या बायाही त्याच ठेक्यात रोपं लावू लागल्या. लग्नात वरातीला तेच, पाळण्याशी तेच. झाडीतल्या माणसाला हसायचं कसं आणि रुसायचं कसं, हे दंडारीने शिकवलं असं म्हणतात, आणि मला ते खोटं वाटत नाही.

पण एक गोष्ट होती. ज्यांचं हे सगळं, त्या बायकांना दंडार समोरून बघता येत नसे. पुरुष ओट्यापुढे बसायचे. ओट्याच्या मागे जुनी धोतरं जोडून शिवलेला मोठा पडदा असायचा, आणि बायका त्या पडद्याच्या पलीकडे. पुढच्या मशालींच्या उजेडात पडद्यावर सावल्या हलायच्या, तेवढ्याच त्यांनी बघायच्या. रंग लावलेल्या गड्याने घरच्या बाईसमोर यायचं नाही, नदीवर तोंड धुतल्याशिवाय घराचा उंबरा ओलांडायचा नाही, हाही नेमच होता. ओट्यापुढे गणपतीचा दिवा तेवत असे. त्या दिव्याकडे सोंगाड्याने पाठ केली, तर गावच्या भातात दाणा भरत नाही, नुसता पोचा येतो, अशी सगळ्यांची पक्की समजूत होती. ज्याचं पोट भातावर, तो अशा समजुतीची परीक्षा घेत नाही.

एका वर्षी दंडारीच्या आदल्या दिवशी डोमाजी घरी आला, तर सगुणाबाई तांदूळ निवडत होती आणि खडे तांदळात, तांदूळ खड्यांत टाकत होती.

"बाई, हे काय करून राहिली?"

"दिसत नाही गा धड. दोन पावसाळ्यांपासून डोळ्यावर साय आली आहे. वैद्य म्हणते, पुढच्या मळणीपर्यंत सारंच जाईन."

दोन पावसाळे एका घरात राहून आपल्या लक्षात कसं आलं नाही, याची डोमाजीला लाज वाटली. मग ती सूप बाजूला ठेवून हसत म्हणाली, "जाऊ दे. एकच वाटते. सारं गाव म्हणते, डोमा ओट्यावर सगुणावानी दिसते. वीस वर्षं झाली, मी तुही सावलीच पाह्यली. मी कशी दिसतो ते गावाले माहीत, मलेच नाही."

सकाळ होताच डोमाजी उदेभान पाटलाकडे गेला. पाटील माणूस वाईट नव्हता. गावाचं भात हीच त्याला काळजी.

"पाटील, शेवटचं गाणं मी मागं वळून, पडदा उचलून म्हणतो. एकडाव. बाईचे डोळे चालले जी."

"डोमा, तुही बाई माही बी बहीणच आहे," पाटील म्हणाला. "पण दिव्याकडे पाठ केली आन पोचा आला, तर दोनशे घरं काय खातीन? तू वळला, तर पायातले चाळ तिथंच सोडून ठेव. मंग बोरटोल्यात तू पुन्हा ओट्यावर चढायचा नाही."

डोमाजीने मान हलवली. हो म्हणाला की नाही, ते पाटलालाही कळलं नाही.

दंडार उभी राहिली. असं म्हणतात, की तशी दंडार ना आधी झाली, ना नंतर. रात्रभर डोमाजी नाचला, पण त्याचं चित्त ओट्यावर नव्हतं. पायातले चाळ वाजत होते आणि प्रत्येक ठेक्याला त्याला वाटत होतं, हे आपण शेवटचे ऐकतो आहोत. पडद्याआड पहिल्या रांगेत बाई बसली आहे, मशालीच्या उजेडात तिला आता सावलीही दिसत नसणार, हेही त्याला कळत होतं. दिवस उगवायला हवा होता. ओट्याचं तोंड मावळतीला होतं आणि बायका बसल्या होत्या उगवतीच्या बाजूला.

पहाट फुटली. ढोलकीने शेवटच्या गाण्याचा ठेका धरला. डोमाजीने आधी दिव्यापुढे गुडघे टेकले, कपाळ मातीला लावलं आणि म्हणाला, "देवा, पोचा माह्या एकट्याच्या ताटात दे." मग तो उठला आणि सगळ्या गावाकडे पाठ करून उभा राहिला.

पुढची माणसं गारठली. ढोलकीवाल्याचा हात हवेतच राहिला. पडदा उचलण्याआधी डोमाजीने त्याच्याकडे तोंड करून पहिली ओळ म्हटली, आणि झील धरणारे चारही गडी गप्प. कुणाची जीभ उचलेना. साथीशिवाय त्याचा आवाज एकटा पडला, कापला, आणि तुटणार असं वाटलं.

तेवढ्यात पडद्याआडून झील आली. चिखल लागला पदरा.

एक म्हातारा, खरखरीत आवाज होता. सगुणाबाईचा. तिच्यामागून दुसरा, दहावा, आणि मग पाच गावच्या बायांनी एका दमात गाणं उचललं. शिकवायला कुणी लागलंच नाही, गाणं त्यांचंच होतं. पाटलीणबाईंचा आवाज सगळ्यात चढा होता असं म्हणतात. पाटलाच्या घरचे ते आजही कबूल करत नाहीत. त्या आवाजाने पडदा भाताने भरलेल्या कणगीसारखा फुगला, मोहाच्या खांबांवरच्या गाठी आपोआप सुटल्या, आणि अख्खा पडदा खाली आला. दोरी जुनी होती, असं म्हणणारेही गावात एकदोघं आहेत. त्यांना कुणी विचारत नाही.

त्या दिवशी सूर्य घटकाभर आधी उगवला म्हणतात. बायांच्या डोक्यांवरून ऊन सरळ डोमाजीच्या तोंडावर पडलं. समोर बाया, मागे पुरुष, मध्ये डोमाजी. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण त्याने गाणं सोडलं नाही.

सगुणाबाई उठली. चाचपडत पुढे आली आणि ओट्यावर चढली. त्याआधी त्या ओट्यावर बाईचं पाऊल कधी पडलं नव्हतं, पण तेव्हा ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. तिने भावाचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि अगदी जवळून, नाकाला नाक लागेल इतक्या जवळून न्याहाळलं.

"अशी दिसत होतो का गा मी?" ती म्हणाली. मग जरा थांबून, "कुंकू तेवढं वाकडं लावलं रे तू."

आणि विधवा बाईने, सगळ्या गावासमोर, पदराने भावाच्या कपाळावरचं कुंकू पुसलं आणि त्याच्याच डबीतलं घेऊन स्वतःच्या बोटाने पुन्हा नीट लावलं.

डोमाजी खाली वाकून पायातले चाळ सोडू लागला. उदेभान पाटील ओट्यावर आला. त्याने डोमाजीचा हात धरला आणि म्हणाला, "राहू दे. गाणं अर्धं राहिलं ना बाप्पा." एवढंच बोलून तो ढोलकीवाल्याकडे वळला, आणि ठेका पुन्हा सुरू झाला.

पुढच्या हंगामाला गाव भीत भीत भात कापायला गेलं. ओंब्या इतक्या भरल्या होत्या, की झुकून बांधाला टेकल्या असं म्हणतात. सगुणाबाईचे डोळे मात्र गेलेच. देवाने तेवढं ऐकलं नाही. पण कुणी विचारलं तर ती सांगायची, मला जे बघायचं होतं ते बघून झालं.

आता बोरटोल्याला पेटी आहे, भोंगे आहेत, रंगीत दिवे आहेत. बाईची कामं बायाच करतात, लांबून नाटक कंपनीच्या गाड्या येतात, तिकीट काढून बाया-पुरुष शेजारी बसतात. पण त्या गावात ओट्यामागे पडदा बांधत नाहीत. कंपनी कितीही मोठी असो, मागे मोकळं आभाळच ठेवावं लागतं. आणि खेळाआधी नायिका कपाळ मोकळं ठेवून ओट्यावर येते. मग गावातली सगळ्यात म्हातारी विधवा हळूहळू पायऱ्या चढते, तिच्या कपाळावर बोटाने कुंकू लावते, मागे सरून नीट बघते. ती "सरळ हाय" म्हणेपर्यंत बोरटोल्यात ढोलकीवर थाप पडत नाही.