बिनपायऱ्यांचे पुल्पीट

ते बघा, भिंतीला टांगल्यासारखे दिसते ते पुल्पीट. पाद्रीने वर चढून प्रवचन करायची जागा. सागाचे लाकूड, कठड्यावर कोरलेला द्राक्षवेल, आवाज फिरावा म्हणून वर छत. फक्त चढायला पायऱ्या नाहीत. परवा एका पाहुण्याने विचारले, "तुमचे फादर शिडी लावतात की उडतात?" तुम्हीही हसलात. आमच्या केळखार गावच्या माणसाला मात्र त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही.

हे चर्च पोर्तुगीज अमदानीतले. चुना शिंपल्यांचा, आणि आतले सगळे लाकूडकाम आमच्या गावच्या कैतान सुताराच्या हातचे. वेदी, बाकडी, पाप सांगायची जाळीची पेटी आणि हे पुल्पीट. काम संपले आणि किल्ल्याच्या कप्तानाने कैतानला गलबते बांधायला बेगारीवर धरून नेले, असे सांगतात. तिथे गेलेली माणसे परत येत नसत. कैतान पळाला. त्याच्या बहिणीने, नातालीनने, त्याला मिठागरावरच्या आपल्या कोठारात लपवले. शिपाई आले तेव्हा तिने क्रूसावर हात ठेवून सांगितले, "माझा भाव मेलाय."

भाऊ वाचला, पण ती खोटी शपथ तिला खाऊ लागली. ईस्टर जवळ आला. पाप सांगितल्याशिवाय प्रसादाची भाकर घ्यायची नाही हा नेम, आणि नातालीन पडली नेमाची बाई. भावाने म्हणे तिला विनवले, नको जाऊस. ती म्हणाली, "अरे, ती जाळी तूच केलीस ना? तिच्यातनं बाहेर काय जातं?"

जाळीपलीकडे पाद्री लोरेन्स बसले होते. तिने सगळे सांगितले. ते म्हणाले, "बाय, इथं सांगितलंस ते देवाला सांगितलंस. निश्चिंत जा."

त्या वेळी चर्चच्या मनोऱ्यात घंटा नव्हती. कैतानचा ठावठिकाणा सांगाल तर घंटा देतो, असे कप्तानाने पाद्रींना म्हटले होते, म्हणे. खरेखोटे देव जाणे. पण पुढच्या रविवारी कप्तान पहिल्या बाकड्यावर येऊन बसला, पाद्री पुल्पीटवर चढले आणि प्रवचनात म्हणाले, "तुमच्यात एक बहीण आहे. खोटी शपथ घेते, पळालेल्या माणसाला मिठाआड दडवते आणि वर प्रसादाला हात पुढे करते." नाव घेतले नाही. घ्यायची गरजच पडली नाही. सगळ्या गावाच्या माना एकदम नातालीनकडे वळल्या. कप्तानाने त्या माना पाहिल्या आणि तो उठला.

दुपारीच कैतानला कोठारातून ओढून नेले. तो पुन्हा कोणाला दिसला नाही. घंटाही आली नाही.

संध्याकाळी नातालीन कुऱ्हाड घेऊन इथे आली. पाद्री आडवे आले. म्हणाले, देवाची वस्तू आहे. ती म्हणाली, "पुल्पीट देवाचं, ते राहू द्या. पायऱ्या माझ्या भावानं केल्यात. त्यांच्यावर पाय ठेवायचा नाही तुम्ही." तिने पायऱ्या तोडल्या, डोक्यावरून घरी नेल्या आणि चुलीत घातल्या. त्या जाळावर भावाच्या नावाने भात शिजवला आणि गावाला जेवायला बोलावले, असे सांगतात. कोणी गेले नाही. कोणत्या तोंडाने जाणार?

नंतर कितीतरी पाद्री आले. चांगलेही आले. पायऱ्या बसवू या म्हणाले, पण केळखारचा एकही सुतार हत्यार उचलायला तयार झाला नाही. आताचे फादर खाली, आमच्यात उभे राहून बोलतात.

गोष्ट ऐकून पाहुणे पाद्रीला शिव्या घालतात आणि मोकळे होतात. घाला. त्यांनी विश्वासघात केला, मला अजून त्यांचा राग येतो. पण बाईला दाखवून दिले ते गावाने. आजही प्रवचन सुरू झाले की या चर्चमध्ये सगळे मान खाली घालून बसतात, लहान मुलेसुद्धा. बाहेरचे म्हणतात, केवढी ही भक्ती! प्रवचन संपेपर्यंत शेजारी कोण बसले आहे, हे इथे कोणी बघत नाही.