नाव न घेतलेली शिकार

पूर्वी अश्मक देशात, पोतन नगरात पृथुसेन राजा राज्य करीत असताना, नगराच्या उत्तरेच्या रानात निषादांचे एक गाव होते. त्या गावात पुष्कळ नियम होते आणि प्रत्येकाला कारण होते. कारण नसलेला नियम एकच होता. राजाच्या शिकारीला गावाचा नियम लागत नाही, आणि का लागत नाही हे कोणी विचारायचे नाही.

त्या वेळी बोधिसत्त्वाने या गावात, माग काढणाऱ्या गोधकाच्या घरी, मुलगी म्हणून जन्म घेतला होता. बोधिसत्त्व स्त्रीच्या जन्माला येत नाही असे सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांनी आधी ही गोष्ट ऐकावी.

तिचे नाव तिंदुका. गोधकाच्या डोळ्यांवर पडदा आला तेव्हापासून रानात माग काढायचे काम तिच्याकडे आले होते. ओल्या मातीतला खूर पाहून ती जनावर किती वेळापूर्वी गेले ते सांगे, आणि मादी असली तर पोटात पिल्लू आहे की नाही तेही सांगे.

निषाद शिकारीवर जगत, पण त्यांच्या शिकारीची एक रीत होती. जनावर पडले की मारणाऱ्याने त्याच्याजवळ बसायचे. अंग गार होण्याआधी त्याच्या मानेवर हात ठेवायचा, आणि हे मांस कोण खाणार त्यांची नावे एकेक करून मोठ्याने घ्यायची. ज्याच्यापाशी घ्यायला नाव नाही, त्याने बाण सोडायचाच नाही. गाभण मादीवर बाण टाकायचा नाही. घरात सुकवलेले मांस शिल्लक असताना रानात जायचे नाही. एकदा तिंदुकेच्या काकाने रानडुकराच्या मानेवर हात ठेवून चौदा नावे घेतली आणि पंधरावे आपल्या कुत्र्याचे घेतले. लोक हसले, पण त्या दिवशी कुत्र्यालाही वाटा द्यावा लागला.

राजाची शिकार वेगळी असे. दर वसंतात तो पाहुण्यांना घेऊन येई. गावातली तीनशे माणसे ढोल बडवत, ओरडत रानाच्या तीन बाजूंनी निघत. याला हाका म्हणत. घाबरलेली जनावरे चौथ्या बाजूला धावत, आणि तिथे मचाणावर राजा बसलेला असे. शिंगे आणि शेपट्या नगरात जात. बाकीचे तिथेच पडून राही, कारण राजाच्या बाणाने पडलेल्या जनावराला निषादाचा हात लागू नये असा दंडक होता.

मागच्या वसंतात साठ हरणे पडली. दहा दिवस वारा फिरला की गावात वास येई. पावसाळ्यात रान रिकामे निघाले. गावाने कडू कंद उकडून खाल्ले. तिंदुकेच्या बहिणीचे दूध आटले आणि तिचे तान्हे मूल गेले. गावात अशी चार मुले गेली. ज्येष्ठ म्हणाले, साथ आली होती. तिंदुका त्या पावसाळ्यात घरोघर फिरली होती आणि तिला कुठेही ताप दिसला नव्हता.

या वसंतापर्यंत सगळ्या रानात चितळांचा एकच कळप उरला होता. चाळीसेक जनावरे, त्यांत बहुतेक गाभण माद्या. पावसाळा सरल्यावर तो पाण्यासाठी उंबरघळीत येऊन राहिला होता. घळीत बारमाही पाणी होते, पण तिची वाट बाहेरून दिसत नसे. गावातल्या प्रत्येकाला लहानपणी एकदा तिथे नेऊन आणत, म्हणजे उपासमारीच्या वर्षी ती ठाऊक असावी.

राजाचा अधिकारी चंडक गावात आला. तो म्हणाला, "महाराज परवा येताहेत. बरोबर शेजारच्या देशाचे दोन राजपुत्र आहेत. कोण जास्त पाडतो अशी पैज लागली आहे. रान रिकामं दिसलं तर महाराजांची मान खाली जाईल."

"नाही दिसणार," गावाचा मुख्य सोणक म्हणाला. "एक कळप आहे. आमची तिंदुका दाखवेल."

चंडक गेला. मोहाच्या झाडाखाली ज्येष्ठ बसले होते, तिथे तिंदुका आली.

"सोणककाका, मी दाखवेन हे तुम्ही मला विचारलंत का?"

"तुला काय विचारायचं? तुझ्या बाला तरी कधी कोणी विचारलं होतं?"

तिने वडिलांकडे पाहिले. गोधक म्हणाला, "विचारायची रीत नाही, पोरी."

"मग मीच विचारते. परवा चाळीस हरणं पडतील. त्यांच्या मानेवर हात ठेवून नावं कोण घेणार? काका, तुम्ही घ्याल?"

"हिचं तोंड आधी जन्मलं, ही मागून आली," रेवाआजी म्हणाली. ती गावातली सर्वांत म्हातारी बाई होती. लोक हसले.

"आजी, तुमच्या तोंडाला मागच्या पावसाळ्यात काय मिळालं?"

"कडू कंद," म्हातारी सवयीने बोलून गेली, आणि मग तिला आपल्याच बोलण्याचा राग आला. "पण म्हणून राजाशी वाकडं घ्यायचं काय गं?"

सोणकाने हात वर केला. तो वाईट माणूस नव्हता. गाव उठवले जाऊ नये एवढीच त्याची आयुष्यभराची काळजी होती. "हे बघ. राजाने मनात आणलं तर उद्या हे रान आपलं नाही. नियम आपल्यापुरता असतो, वरच्यांना तो लावायचा नसतो. मी हे माझ्या बापाला कधी विचारलं नाही. तू मला विचारू नकोस."

"तुम्ही विचारलं असतं, तर मला विचारावं लागलं नसतं."

सोणक उठून घरी गेला. दिलेला शब्द मागे घ्यावा असे त्याला वाटले नाही. वेळ आली की मुलगी नरमेल, अशी त्याची समजूत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी राजा आला. गावकरी ढोल गळ्यात अडकवून उभे होते. तिंदुकाही उभी होती, कारण तिला जे सांगायचे होते ते तिला लपून सांगायचे नव्हते.

"कळप कुठे आहे?" चंडकाने विचारले.

"ठाऊक आहे. दाखवणार नाही," ती म्हणाली. "माद्या गाभण आहेत, आणि त्यांना खाणारं कोणी नाही."

चंडकाचा हात तलवारीकडे गेला. राजाने त्याला थांबवले. पृथुसेन हुशार होता आणि पाहुण्यांसमोर त्याला रागावण्यापेक्षा हसणे बरे वाटले.

"तूही हरणं मारतेस ना?" तो म्हणाला. "तुझ्या बाणाने हरीण कमी मरतं का? त्याला काय फरक पडतो?"

राजपुत्र हसले. पण प्रश्न खरा होता. प्रत्येक पडलेल्या जनावराजवळ बसून तिंदुकेने तो स्वतःला विचारला होता, म्हणून तिला उत्तर शोधावे लागले नाही.

"हरणाला काहीच फरक पडत नाही, महाराज. माझ्या बाणानेही ते तडफडतंच. मी त्याच्या मानेवर हात ठेवते तो माफी मिळते म्हणून नाही. मी भुकेली होते आणि माझ्या भुकेसाठी तुला मारलं, एवढं त्याच्यापाशी कबूल करते. तुम्ही काय कबूल कराल? पैज होती म्हणून?"

राजाने थोडा विचार केला. "तर मग सोपं आहे. आजपासून तो दंडक रद्द. मांस सगळं तुमचं, शेपट्या तेवढ्या आमच्या. चाळीस हरणं. घे तुला हवी तेवढी नावं."

गर्दीत कुजबुज झाली. एका बाईने गळ्यातला ढोल सैल केला आणि ती रडू लागली. तिंदुकेची बहीण पुढच्या रांगेत उभी होती. ती बहिणीकडे एकटक पाहत राहिली.

"झालं," सोणक पुढे होऊन हळूच म्हणाला. "तू म्हणालीस तसंच झालं. आता वाट दाखव, शहाणी माझी."

तिंदुकेला भूक ठाऊक होती. फाल्गुनातल्या उन्हात चाळीस हरणांचे मांस किती दिवस टिकते तेही ठाऊक होते. आठवडाभर गाव पोटभर खाईल, जमेल तेवढे सुकवेल, उरलेले फेकून देईल, आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात रानात एकही खूर उमटणार नाही. पण तिचा नकार नुसता यासाठी नव्हता.

"नाही," ती म्हणाली. "आम्हाला एका वेळी एक हरीण लागतं. तुम्ही चाळीस पाडता ते आमच्या भुकेसाठी नाही. खेळ तुमचा, आणि त्याला झाकायला तोंडं आमची? माझ्या बहिणीचं नाव मी तुमच्या पैजेला देणार नाही."

"मग हे रानही तुमचं नाही."

"नसेल. पण माग मी काढणार नाही, आणि ढोलही वाजवणार नाही."

तिने गळ्यातला ढोल काढला, जमिनीवर आडवा ठेवला आणि राजासमोर त्यावर बसली.

राजा हसायचा थांबला. तो सोणकाकडे वळला. "वाट आणखी कोणाला ठाऊक आहे?"

वाट सगळ्यांनाच ठाऊक होती. सोणकाने तोंड उघडले. मग त्याचे लक्ष तिंदुकेच्या बहिणीकडे गेले. तिने आपला ढोल उतरवून पायाशी ठेवला होता. सोणकाने तोंड मिटले.

"म्हाताऱ्या," राजा गोधकाला म्हणाला, "तुझे डोळे गेले असतील. पायांना तर वाट आठवत असेल."

गोधक काही बोलला नाही. ज्या रेवाआजीने जन्मात कोणाला उत्तर द्यायचे सोडले नव्हते, तीही बोलली नाही. राजाने तिसऱ्यांदा विचारले, आवाज चढवून विचारले. ज्येष्ठांपैकी एकाचेही तोंड उघडले नाही. तीनशे माणसे ओरडली नाहीत तर राजाला रानात एक हरीणही दिसणार नाही, हे त्या शांततेत सगळ्यांना एकदमच कळले. राजालाही कळले.

ऊन चढले. धाकट्या राजपुत्राने आपल्याला तहान लागली आहे असे सांगितले. राजाने घोडा वळवला. जाताना त्याने गावाचा मोहाची फुले वेचायचा हक्क दोन वर्षांसाठी काढून घेतला. ती दोन वर्षे कठीण गेली. उंबरघळीत त्या चैत्रात तेवीस पाडसे जन्मली.

भगवंतांनी ही गोष्ट जेतवनात सांगितली. एका तरुण भिक्षुणीने सभेत एका नियमाचे कारण विचारले होते, आणि ज्येष्ठ भिक्षूंनी, हे विचारायचे नसते, असे म्हणून तिला खाली बसवले होते.

गोष्ट संपवून भगवंत म्हणाले, "त्या वेळचा पृथुसेन आज देवदत्त आहे. आंधळा गोधक आज आनंद आहे. सोणक आणि गावातले इतर ज्येष्ठ आज इथे पुढच्या ओळीत बसले आहेत. जिचे तान्हे मूल गेले ती बहीण आज कोण आहे, ते ती स्वतः जाणते. आणि ढोलावर बसलेली ती तिंदुका मी होतो. आमिष आले, धमकी आली, तरी जे योग्य म्हणून धरले त्यावरून न हलणे, याला अधिष्ठान म्हणतात. ती पारमिता, बोधिसत्त्वाने पूर्णत्वाला न्यायचा तो गुण, मी त्या जन्मी, त्या मुलीच्या तोंडून, 'नाही' म्हणून पूर्ण केली."

मग त्यांनी त्या भिक्षुणीला उभे राहायला सांगितले, आणि आपला प्रश्न पुन्हा विचारायला सांगितले. तिने तो विचारला. या वेळी पुढच्या ओळीतल्या ज्येष्ठांपैकी कोणीही तिला खाली बसवले नाही.