कोनाड्यातलं पान

ही गोष्ट मी सांगायची नव्हती. "घरातलं घरात राहू दे," असं मला बजावलेलं आहे. पण नावं घेतली नाहीत तर ते घरातलं कुठे राहतं, ते गोष्टीतलं होतं. म्हणून मी गावाचं नाव सांगणार नाही आणि माणसांचीही नाही.

तर, नदीच्या वळणावर वसलेल्या एका गावात एक आजी होती.

ती नवरी होऊन नावेतून आली, तेव्हा तिच्या मांडीवर एक लहानसं गाडगं होतं. त्याचं तोंड ओल्या फडक्याने बांधलेलं होतं. बरोबरच्या बायकांना वाटलं, आत सोनं असणार. सासरी ओसरीवर फडकं सोडलं, तर आत दही!

"नदी ओलांडून दही आणलंस?" सासू हसली. "आमच्या गावात गाई नाहीत की काय?"

"गाई आहेत," नवरी मान खाली घालून म्हणाली, "पण माझी आई नाही. हे तिने लावलेलं आहे."

सासूचं हसू थांबलं. ते दही तिने कुणाला खाऊ दिलं नाही. संध्याकाळी स्वतः दूध तापवून नवरीपुढे ठेवलं आणि म्हणाली, "घे, लाव त्याचं विरजण."

त्या दिवसापासून आजच्या दह्यातलं चमचाभर उद्याच्या दुधात, असं ते दही चालत राहिलं. नवरीची आई झाली, आईची सासू झाली, सासूची आजी झाली. रोज संध्याकाळी ती दुधात करंगळी बुडवून बघायची. बाळाच्या अंघोळीच्या पाण्याइतकं दूध कोमट झालं की मगच विरजण घालायची. थंडीच्या दिवसांत गाडगं पिठाच्या डब्यात ठेवायची, ऊब राहावी म्हणून. जवळून कुणी धपधप चाललं की ओठांवर बोट ठेवायची. "हळू रे, निजलंय ते."

एकदा नदीला पूर आला. सगळे टेकडीवरच्या देवळात पळाले. आजीच्या नवऱ्याने पाहिलं, तर बायकोच्या हातात गाडगं होतं आणि पाटल्यांचा डबा घरीच राहिला होता.

"अगं, सोनं सोडून दही उचललंस?"

"सोनं नदीने नेलं तर नदी ते अंगावर घालील तरी," आजी म्हणाली. "दह्याचं तिला काय कळतंय?"

त्या प्रसंगावरून आजोबा तिला आयुष्यभर चिडवत राहिले. पण एखाद्या दिवशी ताटात दही वाढलेलं नसलं तर पहिले तेच मान वर करून बघायचे.

गावात कुणाचं विरजण बिघडलं, कुणाची म्हैस आटली आणि पुन्हा व्याली, की बाई वाटी घेऊन आजीच्या दाराशी यायची. आता त्या गावात अशी रीत होती की दिवेलागणीनंतर घरातलं दही बाहेर द्यायचं नाही. दिलं तर लक्ष्मी जाते म्हणायचे. देणं टळतच नसेल, तर वाटीत तुळशीचं पान घालून द्यायचं. पण संध्याकाळी तुळस तोडायचीही नसते. मग आजी काय करायची? सकाळी तुळशीला पाणी घालताना पाच-सहा पानं तोडायची आणि चुलीशेजारच्या कोनाड्यात ठेवून द्यायची. संध्याकाळी कोण येणार हे तिला ठाऊक नसायचं. कुणीतरी येणार एवढं ठाऊक असायचं.

"लक्ष्मीने विचारलं तर सांग," ती वाटी हातात देताना म्हणायची, "म्हातारीने दिलं नाही, तुळशीने दिलं."

आजी खूप म्हातारी झाली. दात गेले, कान गेले, करंगळी वाकडी झाली. वाकडी करंगळीही दुधाची ऊब बरोबर ओळखायची. मग एका सकाळी आजी उठलीच नाही. चुलीजवळ गाडगं झाकलेलं होतं. आदल्या संध्याकाळी लावलेलं दही छान घट्ट लागलं होतं.

आजीला एक सून होती. ती वाईट नव्हती, हे मला आधीच सांगायला हवं. लग्न होऊन ती या घरात आली आणि माहेरच्या आठवणीने रडली, तेव्हा आजीने तिच्या तळहातावर दही-साखर ठेवली होती आणि ती संपेपर्यंत शेजारी बसून राहिली होती. सुनेला आता एकच वाटत होतं, हे सासूबाईंनी आपल्या हातांनी लावलेलं शेवटचं दही. ते आपण वापरलं, की सासूबाई संपल्या.

दही रोज नव्या दुधाला लागलं तरच जगतं, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण गाडग्यात चमचा घालायला तिचा हात होईना. तिने गाडगं देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, ओल्या वाळूत ठेवलं. सासूबाई गेल्याला महिना होईल त्या दिवशी याच दह्याचा भात त्यांच्या पानावर वाढायचा, असं तिने मनाशी धरलं.

तेरावं झाल्यावर एका संध्याकाळी शेजारची माळीण वाटी घेऊन आली.

"सूनबाई, लेक बाळंतपणाला आलीय. तिला अन्न जात नाही. आजीचं दही दे म्हणून हट्ट धरलाय. आंबट झालेलं असलं तरी चालेल गं, विरजणापुरतं दे."

सुनेने कोनाड्याकडे पाहिलं. आजीने तोडून ठेवलेलं एक पान तिथे वाळून पडलं होतं.

"दिवेलागण झाली, काकू," ती म्हणाली.

"मग सकाळी येऊ का?"

सुनेने देवघराचं दार ओढून घेतलं. माळीण रिकामी वाटी घेऊन गेली. त्या ओसरीवरून वाटी रिकामी जाण्याची ती पहिलीच वेळ.

महिन्याच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी, सुनेने गाडग्यावरचं झाकण काढलं. दह्यावर काळी-हिरवी बुरशी आली होती. वास असा, की तिने तोंड फिरवलं. मग ती तिथेच देवघरात बसली आणि सासूबाई गेल्या त्या दिवशी रडली नव्हती इतकी रडली. त्यांना जपायला म्हणून ठेवलं, आणि आपल्याच हाताने घालवलं. उद्या पानावर काय वाढायचं?

खूप वेळाने ती उठली. तिने वाटी घेतली. कोनाड्यातलं ते वाळलेलं पान उचलून वाटीत ठेवलं आणि शेजारच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"कोण गं?" माळीण दिवा घेऊन बाहेर आली. वाटी पाहून म्हणाली, "दिवेलागण झाली की. तूच सांगितलं होतंस ना?"

सुनेने वाटी पुढे केली. "तुळस आणलीय, काकू. सासूबाईंनी तोडलेली."

माळणीने दिवा वाटीवर धरला आणि ते पान निरखलं. आतून तिची लेक ओरडली, "आई, टोमणे पुरे! दे की लवकर! आजी असती तर आतापर्यंत तिने तुझाच कान धरला असता!"

माळणीने वाटी भरून आणली.

"त्या दिवशी तुझ्याकडून निघाले ती सरळ लोहारणीकडे गेले," ती म्हणाली. "तिला हे साळिणीने दिलेलं. साळिणीला कुणी दिलं असेल, सांग बरं?"

सुनेला सांगावं लागलं नाही. तिने दूध तापवलं, करंगळी बुडवून पाहिली, विरजण घातलं. सकाळी झाकण काढून जिभेवर थेंब ठेवला. तीन घरं फिरून आल्यामुळे दही जरा जास्त आंबट झालं होतं. पण त्या आंबटपणाच्या मागे तेच होतं, तळहातावरचं. आजीच्या पानावर दहीभात वाढला गेला.

मग सून अंगणात गेली. तुळशीला पाणी घातलं, पाच-सहा पानं तोडली आणि कोनाड्यात ठेवून दिली.

तात्पर्य: आपलं माणूस गेल्यावर त्याची आठवण झाकून ठेवली तर नासते. ती रोज थोडी नव्या दुधात घालावी, थोडी दुसऱ्याच्या वाटीत द्यावी, म्हणजे कधी आपल्या घरातली संपली तरी

थांबा, आई हाक मारते आहे. ओसरीवर कुणीतरी वाटी घेऊन आलंय, आणि बाहेर अंधार पडलाय, म्हणून मला कोनाड्यातलं