चौकातला खांब

कोळशाच्या खाणीवर वसलेल्या गावात अंगणवाडीच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली होती. सेविका वच्छलाबाई मडावी सभेत कळवळून म्हणाल्या, "साहेब, जमीन खचून राहिली. पोरांना दुसरीकडे हलवा."

खाणीचे चौबळसाहेब मोजणीची दुर्बीण मांडून ऐटीत उभे होते. "बाई, चौकातला आमचा खांब आणि तुमचा उंबरठा, यांच्या उंचीत गेल्या वर्षापासून केसाचाही फरक पडलेला नाही. भेगेचं तुमच्या गवंड्याला विचारा!"

वच्छलाबाईंनी हळूच विचारलं, "साहेब, आपण दोघं एका बैलगाडीत बसलो अन् गाडी नाल्यात उतरली, तर मी तुमच्यापेक्षा खाली जाईन का?"

"छे! दोघंही सारखेच खाली जाऊ."

"मग तुमचा खांब कोणाच्या गाडीत बसलाय?"

साहेबांचा चेहरा पडला. कोळसा खांबाखालूनही काढला होता.

दुसऱ्या दिवशी खाणीच्या हद्दीबाहेरच्या लांबच्या टेकडीवरून मोजणी झाली. अख्खं गाव कमरेइतकं खाली गेलं होतं.

"जिंकलात, बाई," साहेब पुटपुटले.

वच्छलाबाई टेकडीवरून खाली गावाकडे बघत राहिल्या. "मी पोरांपुरतीच जागा मागत होते, साहेब. आता सांगा, गाव कुठं हलवू?"