मासोळीवरचा आरोप

फार फार मागची गोष्ट आहे. पोरांनो, ऐका. आणि थोरांनो, तुम्ही तर नीट ऐका.

एका राजाला कुणीतरी रानओढ्यातल्या मासोळ्यांची जोडी भेट दिली. करंगळीच्या पेराएवढ्या, अंगावर निळी रेघ. राजाने ती काचेच्या पेटीत सोडली. तळाला पांढरी फरशी, भोवती दिवसरात्र जळणाऱ्या समया. शोभा दिसायला हवी ना!

एका सकाळी मादीने अंडी टाकली आणि राजाच्या देखत वेचून खाल्ली. नरानेही खाल्ली. पण दरबारात नाव निघालं ते एकटीचं.

"पोटची पोरं खाते. कैदाशीण आहे," राजा म्हणाला. "बगळ्यापुढे टाका हिला."

प्रधानाने लगेच मान डोलावली. मान डोलावण्याचाच पगार होता त्याला.

पडद्याआड बसलेल्या थोरल्या राणीचं अंग पेटलं. तिची दोन बाळं याच महालात गेली, तेव्हा याच तोंडांनी तिला पांढऱ्या पायाची म्हटलं होतं. बाळंतिणीच्या खोलीला खिडकी नव्हती, शेगडीचा धूर आतच कोंडत होता, हे कुणी बोललं नव्हतं.

ती पेटीपाशी गेली. "खाल्लीस का गं?"

"खाल्ली, राणीसाहेब," मासोळी म्हणाली. "आम्ही अंडी उधळतो, तुम्ही लग्नात अक्षता उधळता तशी. आपली अक्षता कुठे पडली, ते तुम्ही बघता का? ओढ्यात अंडी शेवाळात पडतात, दिसेनाशी होतात, म्हणून वाचतात. इथे फरशीवर पडली. आमच्या लेखी समोर दिसतं ते अन्न."

"आणि तुझा नवरा?"

"त्याने माझ्याआधी तोंड घातलं. त्याला कुणी विचारलं?"

राणीने परत येऊन पडदा सारला आणि ती भर दरबारात उभी राहिली. "बगळा थांबेल, महाराज. पुढच्या खेपेला पेटी मी लावणार. अंडी गेली तर हिच्याबरोबर मलाही घालवून द्या."

तिने फरशी काढली, तळाला शेवाळाचे झुबके घातले, पावसाचं पाणी ओतलं, समया विझवल्या. मादीने अंडी उधळताच तिने नर-मादी दोघांनाही ओंजळीने उचलून दुसऱ्या भांड्यात ठेवलं. पेटीवर जाड लुगडं टाकलं, कारण त्या अंड्यांना उजेड सोसत नाही.

"आईला लेकरांपासून तोडलं बाई," दासी कुजबुजल्या.

"तोडलं म्हणूनच जगतील," राणी म्हणाली. "मायेच्या गप्पा नंतर मारा."

आणि पिलं निघाली. पापणीच्या केसाएवढी, काचेला चिकटलेली.

राजा खूश झाला. "बघा, मासोळीला अक्कल आली."

"मासोळी तीच आहे, महाराज. अक्कल नव्हती ती पेटी लावणाऱ्याला. आता एवढं सांगा, माझी बाळं गेली ती खोली कुणी लावली होती?"

राजाची मान खाली गेली ती वर आली नाही.

पिलं मोठी झाल्यावर राणीने सगळ्या मासोळ्या ओढ्यात नेऊन सोडल्या. राजाने बाळंतिणीच्या खोलीची भिंत फोडून खिडकी काढली. पुढे त्या खोलीत पुष्कळ बाळं जगली. राणीच्या दोघांना मात्र त्या खिडकीचा काही उपयोग नव्हता.

तात्पर्य: ज्याने जगायला जागा दिली नाही, त्याने आईकडे बोट दाखवू नये.