काळ्या कातळाची चिमूट

माणसं यायच्या कितीतरी आधी ज्वालामुखींच्या वायूने हवा जड झाली होती आणि उकाडा हटत नव्हता. पाऊस तो वायू पोटात घेऊन डोंगरावरच्या काळ्या कातळाकडे आला. वायूमुळे त्याचं पाणी जरासं आंबट झालं होतं.

"इथे थांबू नकोस. तू मला झिजवतोस," कातळ म्हणाला.

"झिजवतो खरा," पाऊस म्हणाला.

खालून नदी बोलली, "कातळदादा, समुद्रात शिंपलीचं एक पिल्लू उघडंच बसलंय. कवचासाठी त्याला तुझ्यातला चिमूटभर चुना हवाय. त्याला खायला टपलेला खेकडा रोज विचारून जातो, झालं का कवच?"

"एकच चिमूट," कातळ म्हणाला.

पाऊस त्याच्या भेगेत मुरला. ती चिमूट आणि तो वायू, दोन्ही नदीने समुद्रात नेले.

पुष्कळ वर्षांनी एका पक्ष्याने कातळावर रिकामा शिंपला आणून ठेवला. "ती शिंपली म्हातारी होऊन गेली. खेकडा शेवटपर्यंत नुसता विचारत राहिला."

"पण मी काळा, हा तर पांढरा आहे," कातळ म्हणाला.

"तुझा चुना आहे यात. आणि हवेतला तो वायूही यात आणि अशाच असंख्य शिंपल्यांत अडकलाय."

हवा हलकी झाली होती आणि वारा थोडा गार वाटत होता. पुढच्या खेपेला पाऊस आला, तेव्हा कातळ म्हणाला, "या बाजूने ये. इथली भेग मोठी आहे."