लॅपटॉपचं झबलं

एका गावात द्वारकाआत्या नावाची एक बाई शिवणकाम करून राहत होती. भालचंद्र हा तिचा भाचा. त्याचे आईबाप गेले, तेव्हापासून तिनंच त्याला वाढवलं. पोरगा मोठा झाला, पण हाताला काम काही लागेना. एक गोष्ट मात्र त्याला फार चांगली यायची. लॅपटॉपवरचे लढाईचे खेळ. आता कुणी म्हणेल, ही काय विद्या झाली? पण असते बाबा, तीही एक विद्या असते.

आत्यानं हौसेनं त्याच्या लॅपटॉपला एक झबलं शिवलं. उरल्यासुरल्या कापडाचंच, पण खाली गोधडीसारखे थर, वर मखमल, कडेला जरीची पट्टी आणि बांधायला नाडी. पडद्याला आणि बटणांना तेवढी जागा मोकळी ठेवली. बाकी सगळं अंग झाकलं.

"आता ह्याला ओरखडा म्हणून पडायचा नाही," ती म्हणाली. भालचंद्राला हसू आलं, पण बरंही वाटलं.

तेव्हापासून लॅपटॉप तापू लागला. त्याच्या आत पंखा असतो, तो गरम हवा जाळीतून बाहेर टाकतो. ती जाळीच झबल्याखाली गेली. खेळ रंगात आला की यंत्राची भट्टी व्हायची. मग जीव वाचवायला बिचारं आपली चाल मंद करायचं. पडद्यावरचा शिपाई चिखलातून चालल्यासारखा पाय उचलायचा.

एकदा आत्या बाजारात गेली असताना भालचंद्रानं झबलं काढून पाहिलं. यंत्र थंड पडलं. शिपाई वाऱ्यासारखा पळाला. काय कळायचं ते त्याला कळलं. तेवढ्यात दारात आत्याच्या चपला वाजल्या, तशी त्यानं घाईघाईनं झबलं परत चढवलं. एवढ्या मायेनं शिवलंय, सांगितलं तर तिला काय वाटेल? तो गप्प बसला. मग ते रोजचंच झालं. ती बाहेर गेली की झबलं निघायचं, ती आली की चढायचं.

एके दिवशी आत्याचा हात लॅपटॉपला लागला.

"अगं बाई! ह्याला तर ताप भरलाय."

"जुनं झालंय ते, आत्या."

"जुनं कसलं? तापात अंग झाकून ठेवावं. घाम सुटला की उतरतो."

आणि तिनं झबल्याला आतून आणखी एक अस्तर लावलं. भालचंद्र सुई वरखाली होताना बघत राहिला. 

पुढे हेच खेळ खेळणाऱ्या शहरातल्या एका तुकडीनं त्याला निरोप धाडला. रविवारी घरी बसूनच त्यांच्या बाजूनं एक सामना खेळायचा. चांगला खेळला, तर तुकडीत कायमची जागा. पोटापाण्याची सोय. असं बोलावणं त्याला आजवर कधी आलं नव्हतं.

रविवारी आत्यानं शिलाई मशीन बंद ठेवलं. ठेवणीतलं लुगडं नेसून ती त्याच्या शेजारी येऊन बसली. "मला त्यातलं काही कळत नाही रे. पण तू जिंकताना मला बघायचंय."

भालचंद्राचा हात झबल्याच्या नाडीपर्यंत गेला.

"सैल झाली का?" म्हणत आत्यानं ती आणखी घट्ट बांधली. त्यानं हात मागे घेतला. सामना तो तिथंच हरला होता, म्हणा ना.

सुरुवातीला तो झकास खेळला. मग यंत्र तापलं. शिपायाचे पाय जड झाले. कानात तुकडीचा म्होरक्या ओरडत होता, "अरे, ये ना पुढं! जेवून झोपलास काय?" भालचंद्र बटणं दाबत होता, शिपाई हलत नव्हता. त्याच्या भरवशावर पुढे गेलेले चौघे एकेक करून पडले. आणि पडदा काळा झाला.

संध्याकाळी निरोप आला. 'खेळतोस चांगला. पण तुझ्यावर भिस्त ठेवता येत नाही.' लॅपटॉप काही पुन्हा सुरू झाला नाही.

आत्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "नशिबात नव्हतं रे."

"नशीब कसलं?" तो एकदम फुटला. "तुझ्या झबल्यानं मारलं त्याला! आणि मलाही!"

आत्याचा हात तिथंच थांबला. तिनं विचारलं, "तुला हे कधी कळलं?"

"कधीचंच."

"मग सांगितलं का नाहीस? मी हसले असते रे. माझ्याच कात्रीनं कापून टाकलं असतं. चिंध्यांचं तर होतं ते!"

भालचंद्र बंद पडलेल्या लॅपटॉपवरच्या झबल्याची नाडी सोडू लागला.

त्यानंतर आत्या आपल्याच घरात भीत भीत वावरू लागली. "चहात आलं टाकू का? चालेल ना तुला?" "खिडकी लावू का? त्रास नाही ना व्हायचा?" तो दर वेळी "चालेल" म्हणायचा. खरंच चालायचं. पण तिचा त्या शब्दावर विश्वास उरला नव्हता.

तात्पर्य: आपल्या माणसाला खरं सांगायचं ते वेळेवर आणि हळू सांगावं. मन दुखेल म्हणून दाबून ठेवलेलं खरं आतल्या आत तापत राहतं, आणि बाहेर पडतं तेव्हा दोघांनाही भाजतं.